"सगळं ठरवलेलंच असतं ना मामा?" – ब्रेट हार्टबद्दल थोडं, म्हणजे बरंच

पेठेतला_हिटमॅन

सुट्टीला बहिणीचा मुलगा आलाय, वय वर्षे बारा. परवा रात्री मोबाईलवर टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीच्या जुन्या क्लिपा बघत पडलो होतो तर हा मागून डोकावला. स्क्रीनवर गुलाबी-काळ्या कपड्यातला, ओले केस तोंडावर आलेला एक माणूस रिंगच्या कडेला उभा राहून खालच्या माणसाच्या तोंडावर थुंकतो. भाचा म्हणाला, मामा हे सगळं ठरवलेलंच असतं ना, मग हा एवढा का चिडलाय. मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की हे दोन वाक्यात होणारं काम नाही. पंधरा मिनिटं बोललो, तो झोपून गेला. म्हणून इथे लिहितोय, इथे कोण झोपलं तरी मला दिसणार नाही.

तर ब्रेट हार्ट. आमच्या पिढीला तो टीव्हीच्या आधी पत्त्यांवर भेटला. ट्रम्प कार्डं आठवतात ना, हाईट, वेट, चेस्ट, बायसेप्स. ब्रेट हार्टचा पत्ता हातात आला की तोंड वाकडं व्हायचं, कारण सहा फूट उंची आणि साधारण १०६ किलो वजन, समोरून योकोझुना नाहीतर अंडरटेकर निघाला की पत्ता गेला. मग कधीतरी वाड्यात ज्यांच्याकडे केबल होती त्यांच्या खिडकीतून बघितलं तर हाच माणूस त्या डोंगराएवढ्या लोकांना पालथं घालून पाय मुडपून बसलाय आणि ते हार मानून हात आपटतायत. त्या दिवसापासून आपण त्याचे.

जन्म २ जुलै १९५७, कॅनडातलं कॅल्गरी. बारा भावंडांत आठवा. वडील स्टू हार्ट, स्वतः पट्टीचे पैलवान, १९४० साली कॅनडाचे हौशी गटातले विजेते, युद्धामुळे ऑलिम्पिकच झालं नाही नाहीतर गडी गेला असता. १९४८ ला त्यांनी स्वतःची कुस्ती कंपनी काढली, पुढे तीच स्टॅम्पीड रेसलिंग. घराच्या तळघरात एक खोली, जमिनीवर गाद्या, नाव डंजन. स्टूआजोबा नव्या पोरांना तिथे न्यायचे आणि खरोखरचे डाव लावायचे, पोरं किंचाळायची आणि वरच्या मजल्यावर लहान ब्रेट ते ऐकत मोठा झाला. त्या घरी कुस्ती खेळणारं अस्वलसुद्धा होतं, टेरिबल टेड नावाचं, आणि ब्रेटने लिहिलंय की लहानपणी तो पायाच्या बोटांवर आईस्क्रीम ओघळू द्यायचा आणि अस्वल येऊन चाटायचं. आमच्याकडे मांजर पाळायला आईची परवानगी मिळत नव्हती.

आठही भाऊ या ना त्या रूपाने कुस्तीत, आणि चारही बहिणींचे नवरे पैलवान. त्यातले जिम नाइडहार्ट आणि डेव्ही बॉय स्मिथ म्हणजे ब्रिटिश बुलडॉग हे तुम्हाला माहीत असतील. पावणेरावळे जमले की थेट फड लागत असणार.

ब्रेट आधी वडिलांच्या कंपनीत रेफरी, मग पैलवान. १९८४ ला स्टूंनी कंपनी व्हिन्स मॅकमॅहनच्या डब्ल्यूडब्ल्यूएफला, म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईला, विकली आणि ब्रेट तिकडे गेला. त्यांनी म्हटलं तू काउबॉय हो. हा नाही म्हणाला, मेव्हण्याबरोबर, नाइडहार्टबरोबर, जोडी करतो म्हणाला. ती हार्ट फाउंडेशन. ते काळे गॉगल स्टाईल म्हणून आले नव्हते बरं का, मुलाखतीत बोलताना गडी घाबरायचा म्हणून डोळे लपवायला. पुढे मॅचच्या आधी पहिल्या रांगेतल्या एखाद्या पोराला स्वतःचा गॉगल काढून द्यायची रीतच झाली. आम्ही इकडे गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशात तसला गॉगल घेतलेला, तुळशीबागेतून, दोन दिवसात दांडी तुटली.

मोठा भाग म्हणजे मॉन्ट्रियल, तो खाली लिहितो, आधी चहा.

मी_आपला_सहज

छान लिहिलंय पण भाचा बरोबर बोलला की. नुरा कुस्ती ती. दोघांना माहीत कोण जिंकणार, मग त्यात ग्रेट काय. मला कधी कळलं नाही मोठी माणसं यावर एवढी का हळवी होतात.

तालमीतला_गडी

@मी_आपला_सहज, आमच्या घरी तीन पिढ्या लाल माती, त्यामुळे तुमच्यासारखंच म्हणायचो आधी. आजोबा तर टीव्ही बंद करायचे, म्हणायचे हा तमाशा बंद करा. पण एक गंमत सांगतो. आजोबा एकदाच थांबले, ब्रेट हार्टची मॅच होती, कोणाबरोबर ते आठवत नाही. बघत बसले आणि म्हणाले ह्याला कुस्ती येतीय. बास एवढंच. पकड घेताना हात कुठे ठेवतो, समोरच्याचं वजन कसं स्वतःवर घेतो हे त्यांना दिसत होतं, आम्हाला नुसती पडापडी दिसायची.

शाळेत असताना ब्रेट खरी कुस्ती खेळलाय, कॅल्गरीत शहर पातळीवर जिंकलेला. पुढे धंद्यातलं शिक्षण घरी आलेल्या दोन जपानी पैलवानांकडून, हितो आणि साकुराडा.

अवांतर: कॅनडा म्हटलं की आमच्याकडे पहिलं आठवतं ते १९५२ चं हेलसिंकी, आपल्या खाशाबांनी पहिलीच कुस्ती कॅनडाच्या पोलिक्विनला हरवून काढलेली. चालू द्या.

उणे_तीस

अरे वा, माझ्या गावचा धागा! अकरा वर्षं कॅल्गरीत आहे, मूळ नाशिक. ते हार्टांचं घर टेकडीवर आहे, जुनं विटांचं, खालून बो नदीचं खोरं आणि अख्खं डाउनटाउन दिसतं तिथून. आता ते हार्ट कुटुंबाकडे नाही, स्टू २००३ ला गेले त्यानंतर विकलं. भारतातून पाहुणे आले की बॅन्फ, लेक लुईस वगैरे असतंच, आणि जो नव्वदच्या दशकातला असतो तो हळूच विचारतो ते तळघरवालं घर कुठंय रे.

इथल्या ज्युनियर आइस हॉकी टीमचं नाव कॅल्गरी हिटमेन आहे, ते याच्याच टोपणनावावरून, सुरुवातीला मालकांत तो पण होता. आणि तो इथल्या पेपरात कित्येक वर्षं दर आठवड्याला कॉलम लिहायचा.

आपला एक धागा पण आहे इथे. स्टॅम्पीड रेसलिंगचा सगळ्यात गाजलेला व्हिलन कोण माहितीये? गामा सिंग. पंजाबी माणूस, नाव आपल्या गामा पैलवानावरून घेतलेलं, आणि कॅल्गरीची पब्लिक त्याला मनसोक्त शिव्या घालायची. त्याचा पुतण्या म्हणजे जिंदर महल, तोही कॅल्गरीचाच, २०१७ ला डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन झाला.

पेठेतला_हिटमॅन

चहा झाला. @उणे_तीस भारीच, गामा सिंग माहीत होता पण पुतण्याचं विसरलो होतो.

@मी_आपला_सहज, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, तेच भाच्याला द्यायचं होतं.

निकाल ठरलेला असतो, बरोबर. पण पाठीवर पडणं ठरवून कमी दुखत नाही हो. समोरचा माणूस स्वतःची मान तुमच्या हातात देतो आणि तुम्ही ती मोडली असं दाखवायचं आणि मोडू द्यायची नाही. ब्रेटला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा, तर इतक्या वर्षांत आपल्या हातून समोरच्या कोणाला मोठी दुखापत झाली नाही याचा. बेल्टांचा, म्हणजे चॅम्पियनच्या पट्ट्यांचा, नंतर. बेस्ट देअर इज, बेस्ट देअर वॉज वगैरे त्याचं स्वतःबद्दलचं ते वाक्य सगळ्यांना माहितीये, फुशारकी वाटते, पण त्याच्या डोक्यात त्याचा अर्थ कारागिराचा होता.

एक मॅच सांगतो. २९ ऑगस्ट १९९२, लंडनचं वेम्बली, ऐंशी हजार लोक, समोर मेव्हणा डेव्ही बॉय. सुरू झाल्यावर थोड्याच वेळात डेव्ही कानात म्हणतो मी सगळं विसरलो. ब्लँक. मग पुढचा सगळा वेळ ब्रेट त्याला एकेक डाव सांगतोय, स्वतः मार खातोय, आता उचल, आता पाड, आता फिर, आणि शेवटी स्वतः हरतोय, त्याच्या घरच्या पब्लिकसमोर त्याला जिंकवून. ती मॅच आज बघा, कुठे कळतं का बघा. मला दहाव्यांदा बघून पण कळलं नाही. लग्नात भटजी मंत्र विसरले आणि नवरदेवाने सांगितले तर कसं होईल, तसं ते.

त्यानंतर दीड महिन्यात, १२ ऑक्टोबर १९९२, सॅस्काटूनला रिक फ्लेअरला हरवून पहिल्यांदा वर्ल्ड चॅम्पियन. टीव्हीवर दाखवलं पण नाही ते थेट. बोट निखळलेलं मॅचमध्ये.

चिऊताई_८८

मी आणि दादा बघायचो. दादा अंडरटेकरवाला, मी ब्रेटवाली, कारण तो एकटाच जरा स्वच्छ वाटायचा, बाकीचे सगळे तेल लावून ओरडत यायचे. तो हरला की मी जेवायचे नाही, आई म्हणायची कोण मेलं की काय.

मला १९९४ ची भावाभावाची मॅच सगळ्यात आवडते, रेसलमेनिया दहा, कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा शो. धाकटा ओवेन मोठ्या भावावर चिडलेला, की सगळं ह्यालाच मिळतं, मला कोण विचारत नाही. आमच्या घरी हाच सीन रोज व्हायचा, रिमोटवरून. ओवेन जिंकला त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा ब्रेटच्या विरुद्ध टाळ्या वाजवल्या, धाकटी आहे ना मी पण. आणि त्याच रात्री शेवटच्या मॅचला ब्रेट योकोझुनाला हरवून परत चॅम्पियन, सगळे त्याला खांद्यावर घेतायत आणि ओवेन खाली उभा राहून नुसता बघतोय. तो चेहरा अजून दिसतो डोळ्यासमोर.

रात्रपाळी

स्टीव्ह ऑस्टिनबरोबरची मॅच राहिली. २३ मार्च १९९७, रेसलमेनिया तेरा. ऑस्टिन शार्पशूटरमध्ये, म्हणजे ब्रेटच्या त्या पाय मुडपायच्या डावात, अडकलाय, कपाळातून रक्ताची धार, दातांवर रक्त, सोडत नाही आणि हार पण मानत नाही, बेशुद्ध होतो. आत आला तेव्हा व्हिलन होता, बाहेर पडला तेव्हा हिरो, आणि ब्रेटचं बरोब्बर उलटं. एका मॅचमध्ये दोघांची अदलाबदल. कंपनीत त्या काळात रक्त काढायला बंदी होती, दोघांनी गुपचूप ठरवलेलं. या मॅचमध्ये ऑस्टिन घडला, आणि घडवला कोणी ते बघा.

शार्पशूटर कसा लावायचा नव्या पोरांसाठी: समोरचा पाठीवर, त्याचे दोन्ही पाय काखेत घ्या, आपला एक पाय मधे घाला, त्याचे पाय त्यावर फुलीसारखे अडकवा, मग त्याला पालथा करा आणि खाली बसा. गादीवर करा, फरशीवर नको. मूळ डाव जपानी, रिकी चोशूने गाजवलेला, तिकडे त्याला विंचवाचं नाव आहे.

उणे_तीस

९७ चा उन्हाळा मी बघितला नाही पण इथले म्हातारे गोरे लोक त्याबद्दल असं बोलतात जसं आपल्याकडे ८३ च्या वर्ल्डकपबद्दल. अमेरिकेत ब्रेटला शिव्या, कॅनडात देव, एकच माणूस, फक्त सीमा ओलांडायची. ६ जुलै १९९७, इथल्या सॅडलडोममध्ये पाच विरुद्ध पाच, एका बाजूला ब्रेट, ओवेन, दोन मेव्हणे आणि पिलमन, दुसऱ्या बाजूला ऑस्टिन आणि मंडळी. स्टू आणि आई हेलन पहिल्या रांगेत. शेवटी अख्खं खानदान रिंगमध्ये. माझ्या ऑफिसमधला एकजण तेव्हा तिथे होता, तो सांगतो आवाजाने खुर्ची हलत होती.

पेठेतला_हिटमॅन

आणि चारच महिन्यांनी मॉन्ट्रियल. लिहितो आता.

१९९६ ला दुसऱ्या कंपनीने, डब्ल्यूसीडब्ल्यूने, ब्रेटला प्रचंड पैसे देऊ केले. हा गेला नाही, व्हिन्सने २० वर्षांचा करार दिला त्यावर थांबला. वर्षभरात व्हिन्स म्हणतो परवडत नाही, तू तिकडून परत ऑफर घे. ठीक आहे, घेतली. पण गळ्यात बेल्ट आहे, तो जायच्या आधी सोडायला हवा. पुढची मोठी मॅच ९ नोव्हेंबर १९९७, मॉन्ट्रियल, समोर शॉन मायकल्स, ज्याच्याशी खरोखरचं वाकडं. ब्रेट म्हणाला कॅनडात याच्याकडून हरणार नाही, दुसरीकडे कुठेही सोडतो. त्याच्या करारात शेवटच्या दिवसांसाठी तसा शब्द होता, की काय करायचं ते त्याला विचारून. मग ठरलं, मारामारी होऊन मॅच निकालाविना संपेल, दुसऱ्या दिवशी हा बेल्ट देऊन निघून जाईल. रेफरी अर्ल हेब्नरने तर मुलांची शपथ घेतलेली की मी तुला फसवणार नाही.

मॅचमध्ये एक जागा होती की शॉन ब्रेटलाच शार्पशूटर लावणार. लावला. ब्रेटने हार मानली नाही, हात पण आपटला नाही, तो तर उलटवायच्या तयारीत होता. आणि व्हिन्स रिंगच्या कडेला उभा राहून ओरडतो, घंटा वाजव. हेब्नरने खूण केली, घंटा वाजली, संपलं. हेब्नर पळत बाहेर, गाडी तयार.

तो क्लिपमध्ये थुंकतो ना, ते इथे, व्हिन्सच्या तोंडावर. मग हवेत बोटाने डब्ल्यूसीडब्ल्यू अक्षरं काढतो, मॉनिटर फोडतो. आत गेल्यावर कपडे बदलायच्या खोलीत व्हिन्सला एक ठोसा, तो मात्र पूर्ण खरा, ब्रेटचा हातच मोडला त्यात. एक कॅनेडियन डॉक्युमेंटरीवाले तेव्हा त्याच्या मागे फिरत होते त्यामुळे आधीचं बोलणं पण रेकॉर्ड आहे.

भाच्याला सकाळी नाष्ट्याला एवढंच सांगितलं, की अरे ठरवलेलं असतं म्हणूनच तो चिडला. ठरलेलं मोडलं ना.

मी_आपला_सहज

ओके, मॉन्ट्रियलची क्लिप बघून आलो. इंटरेस्टिंग. पण दोन शंका. एक, हे पण ठरवलेलं नसेल कशावरून? व्हिन्स त्यानंतर स्वतः व्हिलन बनून कंपनी कुठल्या कुठे घेऊन गेला, फायदा कोणाचा झाला बघा. दोन, नाटकातला राजा जर म्हणायला लागला की मी माझ्या गावच्या प्रयोगात मरणार नाही तर दिग्दर्शकाने काय करायचं?

रात्रपाळी

दुसऱ्या मुद्द्यावर मी सहज यांच्या बाजूने. जाताना हरून जायचं ही त्या धंद्याची रीतच आहे. फ्लेअर सॅस्काटूनला ब्रेटकडून हरलाच की, तो नाही म्हणाला का. व्हिन्सची भीती पण खोटी नव्हती, त्याआधी एक चॅम्पियन बाई त्यांचा बेल्ट घेऊन दुसऱ्या चॅनलवर गेली आणि लाईव्ह कचऱ्याच्या डब्यात टाकला. ब्रेट हिटमॅन नावाच्या पात्रात जरा जास्तच राहायला लागलेला, फॅन असून सांगतो.

पेठेतला_हिटमॅन

@रात्रपाळी मान्य. जरा ताणलंच त्याने, आणि बेल्टाला काय सोनं लागलंय असं मलाही वाटतं कधीकधी. पण नाही पटलं तर तोंडावर सांगायचं होतं. हो म्हणून फसवलं हा मुद्दा आहे. शॉनने आधी तोंडावर सांगितलेलं की मी तुझ्यासाठी हरणार नाही, हे ब्रेटचं म्हणणं, आणि ब्रेटला राग त्याचाच होता.

@मी_आपला_सहज हे ठरवलेलं असतं तर त्या माणसाने पुढची बारा वर्षं कशाला जाळली. आणि पुढचं ऐका, मग सांगा.

२३ मे १९९९. ओवेन व्हिन्सच्याच कंपनीत राहिलेला, करार होता. कॅन्सस सिटीला त्याला ब्लू ब्लेझरच्या विदूषकी वेशात छतावरून दोरीने खाली सोडायचं होतं, एंट्रीचा स्टंट. हूक सुटला. साधारण चोवीस मीटर. वय ३४. आणि शो चालू ठेवला त्यांनी. ब्रेटला विमानात असताना कळलं.

चिऊताई_८८

हे वाचून पुन्हा पोटात कालवलं. ओवेन गेल्याचं आम्हाला खूप उशिरा कळलं, दादाने शाळेतून येऊन सांगितलं, मी म्हटलं ते पण नाटक असेल, परत येईल बघ. सहावीत होते.

पेठेतला_हिटमॅन

@चिऊताई ताई, तेव्हा सगळ्यांना तसंच वाटलं, हॉलमधल्या लोकांना पण.

त्याच वर्षी १९ डिसेंबरला, डब्ल्यूसीडब्ल्यूच्या मॅचमध्ये, समोरच्या गोल्डबर्गची लाथ. दाखवायची असते तशी न बसता खरीच डोक्यात बसली. ब्रेट त्यानंतर पण काही आठवडे खेळला, मेंदूला मार लागलाय हे कळायच्या आधी. २००० च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्ती, कंपनीने पत्र पाठवून मोकळं केलं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याची डोकी सांभाळली त्याचं करिअर असं संपलं. गोल्डबर्गने मुद्दाम केलं असं कोण म्हणत नाही, ब्रेटनेही तसं म्हटलं नाही, पण तो विषय निघाला की अजून सुटत नाही त्याच्याकडून.

मग २४ जून २००२. सायकल, खड्डा, डोक्याची मागची बाजू जमिनीवर, आणि स्ट्रोक. डावी बाजू गेली. चालायला नव्याने शिकला.

उणे_तीस

तो सायकलचा रस्ता नदीच्या काठाने जातो. मी ऑफिसला जातो त्याच बाजूने, उन्हाळ्यात. हिवाळ्यानंतर बर्फ वितळला की खड्डे पडतात, दरवर्षी बुजवतात, दरवर्षी पडतात. हेल्मेट घाला बाबांनो.

तालमीतला_गडी

आणि तो परत आला ते सांगा की. ४ जानेवारी २०१०, व्हिन्सच्या कंपनीचा रॉ नावाचा टीव्ही शो, शॉन समोर उभा. बारा वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं. हात मिळवला, मिठी मारली. मला वाटलं शॉन आता लाथ घालतो. नाही घातली. आमच्याकडे दोन तालमींचं भांडण असंच मिटलेलं एका जत्रेत, पण तिथे शेवटी लाथ पडलीच.

२०१६ ला प्रोस्टेटचा कॅन्सर, ऑपरेशन. २०१९ ला हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात वारलेल्या मेव्हण्याबद्दल, नाइडहार्टबद्दल, बोलायला उभा राहिला, तर प्रेक्षकांतला एक येडा रिंगमध्ये घुसून अंगावर पडला. एकसष्ट वर्षांचा माणूस. उठला, माईक घेतला आणि भाषण पूर्ण केलं. आजोबा असते तर परत म्हणाले असते, ह्याला येतीय.

मी_आपला_सहज

बरं. ठरवलेलं नव्हतं हे मान्य. राजा आणि दिग्दर्शकाचं अजून तुम्हाला पटलेलं नाही, ते राहू द्या. वेम्बलीची लिंक द्या कोणीतरी.

पेठेतला_हिटमॅन

व्यनि केलाय.

अपडेट: भाच्याने धागा वाचला, रात्रपाळींच्या सूचनेप्रमाणे गादी टाकली आणि मला शार्पशूटर लावला. पाय उलटे अडकवले त्यामुळे आधी तोच पडला. दुसऱ्यांदा बरोबर लागला. बसल्यावर हळूच विचारतो, मामा लागतंय का? मी म्हटलं नाही रे. तर म्हणे मग ओरड ना. ओरडलो. वरच्या मजल्यावरच्या काकू दार वाजवतायत, थांबा बघून येतो.